रोज एक ओळ

ब्रिजिता टीचरपुढे कुणी शास्त्रातलं वचन अर्धं म्हणावं, उरलेलं अर्धं ती त्याच्या तोंडातून काढून घ्यायची. वर अध्याय कितवा आणि ओळ कितवी हेही सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी. धर्मप्रांताच्या बायबल परीक्षेत ती सात वेळा पहिली आली होती आणि बक्षिसाच्या स्टीलच्या डब्यांनी तिच्या स्वयंपाकघरातली वरची फळी भरून गेली होती. चर्चमध्ये नवे अच्चन आले की पहिल्या महिनाभरात प्रवचनात एखादं वचन चुकवायचेच, आणि चुकवल्या चुकवल्या त्या पाद्रीबाबांची नजर आपोआप बायकांच्या तिसऱ्या रांगेकडे जायची. तिथे टीचर डोळे मिटून, मान अगदी थोडी हलवत उभी असायची. तेवढं पुरे व्हायचं.

अशा बाईचं शास्त्र मुकं झालं, हे कुणाला सांगून पटलं असतं? म्हणून तिनं ते कुणाला सांगितलंच नाही.

मागच्या जूनमध्ये तिचा नवरा उलहन्नान गेला. गिरणीचं भात होडीनं वाहून नेणारा गडी, साठी उलटली तरी वल्ह्याला हार न जाणारा. संध्याकाळी होडी बांधून घरी आला, पेज प्यायला, आडवा झाला आणि सकाळी उठला नाही. सातव्या दिवसाची प्रार्थना झाली, एकेचाळिसाव्याची झाली, लेक आयर्लंडला आपल्या हॉस्पिटलात परत गेली, आणि ब्रिजिता पहाटे पाचला नेहमीसारखी पुस्तक घेऊन बसली. वाचण्याआधी पवित्र आत्म्याची लहानशी प्रार्थना म्हणायची तिची चाळीस वर्षांची रीत होती : माझं मन उघड, वाचेन ते मला कळू दे. ती म्हणायची ती दिव्याचं बटण दाबावं तशी. त्या पहाटे बटण दाबलं आणि दिवा लागला नाही.

ओळी होत्या, शब्द होते, आकडे होते. फक्त बोलत कुणी नव्हतं. घरात माणूस असला की बंद दाराबाहेर उभं राहूनही कळतं, आणि नसला की तेही कळतं. आठ-नऊ महिने ती रोज पहाटे त्या दाराबाहेर उभी राहत होती. वाचायची, पाठ म्हणायची, रविवारी मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात घडाघडा शिकवायची आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची. जे पुस्तक आपल्याशी बोलत नाही ते दुसऱ्यांच्या पोरांना कोणत्या तोंडानं शिकवायचं?

उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हा तिनं अच्चनच्या नावे एक पत्र लिहिलं. प्रकृती साथ देत नाही, वर्ग सोडते. पत्र पाकिटात घातलं आणि पाकीट शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाच्या पानात खूण म्हणून ठेवलं. पेसहाच्या गुरुवारी हा अध्याय वाचायचा असतो. शेवटच्या जेवणाची ती संध्याकाळ, प्रभू कमरेला पंचा बांधतो, परातीत पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. तिनं ठरवलं होतं की हा गुरुवारसुद्धा मुका गेला तर ईस्टरला पत्र द्यायचं आणि पुस्तक फडक्यात बांधून कपाटात ठेवायचं. तिच्या मनातला हा शेवटचा दिवस होता. तो देवालाही तिनं तसा बजावून सांगितला होता, वर्गातल्या पोराला शेवटची संधी द्यावी तशा आवाजात.

आता उलहन्नानच्या पायांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पेसहाच्या गुरुवारी चर्चमध्ये अच्चन बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत उलहन्नान सव्वीस वर्षं होता. बाकावरची त्याची जागा डावीकडून तिसरी, ठरलेली. आणि बाराही जण करायचे तेच तोही करायचा : पाय धुवायला जायच्या आधी घरी पाय घासघासून धुवायचा. अख्खा जन्म चिखलात गेलेले ते पाय, टाचांच्या भेगांत शेतातली काळी माती कायमची वस्तीला आलेली. ते तसेच अच्चनच्या हातात द्यायचे म्हणजे घराण्याची शोभाच की. म्हणून त्या दिवशी दुपारी ब्रिजिता त्याला कालव्याच्या पायऱ्यांवर बसवायची आणि तिसऱ्या पायरीवर ठेवलेल्या जांभ्या दगडानं त्याच्या टाचा घासायची. तो ओरडायचा. "अगं टीचर, पाय आहेत, भांडी नाहीत!" ती म्हणायची, "गप बसा. अच्चनला काय वाटेल?" घासून घासून पाय लाल व्हायचे. अच्चन मग त्या लखलखीत पायांवर चांदीच्या झारीतून पाणी सोडायचे आणि पांढऱ्या पंच्यानं टिपायचे. पंच्याला डाग कसला तो पडत नसे.

संध्याकाळी घरी तेराव्या अध्यायाचं वाचन व्हायचं. वाचायची अर्थात टीचर. पेत्र नावाचा शिष्य पाय मागे घेतो आणि प्रभू त्याला म्हणतो की मी काय करतोय ते तुला आत्ता कळायचं नाही, पुढे कळेल. इथवर वाचन आलं की उलहन्नान हटकून विचारायचा, "मग पुढे कळलं का गं त्याला?" ब्रिजिता त्याला संदर्भासहित स्पष्टीकरण द्यायची. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचा, "आणि तुला?" सव्वीस वर्षं हाच प्रश्न, आणि सव्वीस वर्षं तिला त्याचा राग यायचा.

त्या गुरुवारी सकाळपासून ती आत-बाहेर करत होती. ज्या घरात वर्षभरात मयत झालेलं असतं त्या घरात पेसहाचं अप्पम करत नाहीत. तांदूळ-उडदाचं ते बिनआंबवलेलं अप्पम, मधोमध झावळीच्या पात्यांचा क्रूस ठेवून वाफवलेलं, आणि त्याबरोबर गूळ घातलेलं नारळाचं दूध, हे भावबंदांनी आणून द्यायचं असतं. आणि उलहन्नानचा भाऊबंद म्हणजे धाकटा भाऊ पैली, कालव्याच्या पलीकडच्या काठावर राहणारा. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल इतक्या जवळ. गावातल्या बाकीच्या घरांनी साहजिकच धरून चाललं होतं की टीचरचं अप्पम पैलीकडून जाईल. म्हणून दुसरं कुणी येणार नव्हतं. आणि पैलीकडून येणार नाही हे ब्रिजिताला पक्कं ठाऊक होतं, कारण पैलीच्या बायकोनं, कुंजेलीनं, अकरा वर्षं तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. दिराशी बोलणं व्हायचं, उलहन्नान तर रोज होडी लावून तिथे चहा प्यायचा. जावा-जावांचं मात्र तोंड बंद.

कारण काय, तर ब्रिजितानं एक चूक दुरुस्त केली होती. निदान ती तसं म्हणायची.

महिन्याची घराघरातली प्रार्थनासभा त्या वेळी कुंजेलीकडे होती. ज्याच्या घरी सभा, त्या घरच्या बाईनं वाचायचं. कुंजेली तिसरीपर्यंत शिकलेली, बाप तिसऱ्या गावच्या बाजारात मासे विकायचा. आठ दिवस तिनं त्या उताऱ्याची तयारी केली होती. सभेला उभी राहिली तेव्हा बोट ओळीखाली होतं. एक शब्द. थांबली. दुसरा शब्द. मागे गेली, पहिला पुन्हा घेतला. ब्रिजितानं पाच ओळी कशाबशा सहन केल्या. मग उठली, कुंजेलीच्या हातातून पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "दे इकडे. देवाचं वचन आहे ते, माशाचा भाव नाही." चाळीस माणसं हसली. ब्रिजितानं उरलेला उतारा स्वच्छ, खणखणीत वाचून दाखवला. कुंजेलीनं सगळ्यांना चहा दिला, केळ्याची भजी दिली, टीचरलाही दिली, आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

चार वाजता चर्चची घंटा झाली. काठाकाठानं होड्या जाऊ लागल्या, पांढरे कपडे घातलेली माणसं, पाय धुतलेली. ब्रिजिता गेली नाही. गुडघे दुखतात असं तिनं कळवलं होतं. खरं म्हणजे डावीकडून तिसऱ्या जागेवर दुसऱ्या कुणाला बघायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं टेबल पुसलं, त्यावर पुस्तक ठेवलं, पितळेचं रिकामं ताट ठेवलं, सुरी ठेवली. मग ताटाकडे बघवेना म्हणून पायऱ्यांवर गेली.

दगड तिसऱ्या पायरीवर होता. दहा महिन्यांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता आणि त्याच्यावर हिरवी बुरशी चढली होती. ती वाकली, दगड उचलायला गेली, आणि पायाखालचं शेवाळ सरकलं.

पाण्यात पडली असती तर बरं झालं असतं, पण ती पडली पाणी आणि पायरी यांच्यामधल्या चिखलात. उजवा पाय गुडघ्याएवढा रुतला आणि घोट्यात काहीतरी कटकन झालं. कशीबशी पाय उपसून ती पायरीवर टेकली. हाक मारावी तर ऐकणार कोण? सगळं गाव प्रार्थनेला. कमरेच्या पांढऱ्या मुंडूला चिखल, अंगातल्या चट्ट्याला चिखल, पायाची बोटं तर दिसतसुद्धा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती पेसहाच्या संध्याकाळी इतकी घाण होती. तिनं वर बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हेच दाखवायचं होतं का?"

उत्तर आलं नाही. वल्ह्याचा आवाज मात्र आला.

लहान होडी होती, एकट्या माणसाची. त्यात मधोमध केळीच्या पानानं झाकलेलं ताट आणि मागे वल्हं मारणारी कुंजेली. होडी पायऱ्यांना लागली. कुंजेलीनं जावेला खालपासून वरपर्यंत एकदा सावकाश बघून घेतलं. अकरा वर्षांनी तिनं तोंड उघडलं ते थोरल्या जावेची हाक घालून :

"चेट्टत्ती, चिखलात बसून कसला जप चाललाय?"

"जप नाही. पाय घसरला."

"तुमचासुद्धा घसरतो?"

कुंजेलीनं होडी खांबाला बांधली, ताट उचलून वरच्या पायरीवर नीट ठेवलं आणि म्हणाली, "पैली चर्चला गेलाय. अच्चननी त्याला भावाच्या जागेवर बसायला सांगितलंय. सकाळपासून पाय घासत बसलेला, सोलून काढले बघा. मी म्हटलं, तू जा, मी मागाहून अप्पम देऊन येते. पहिलं अप्पम तडकलं. दुसरं केलं, म्हणून उशीर."

"माझ्यासाठी दोनदा केलंस?"

"तुमच्यासाठी कशाला? त्यांच्यासाठी. अकरा वर्षं रोज माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायले ते. त्यांच्या घरात पेसहा नको?" ती खाली उतरली. "बघू पाय."

"काही झालेलं नाही."

"बघू म्हणते ना."

कुंजेली खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसली. होडीतलं पाणी उपसायचं करवंटीचं डोणलं घेतलं, कालव्याचं पाणी भरलं आणि दुसरा हात चिखलानं भरलेल्या त्या पायाकडे नेला. ब्रिजितानं पाय झटकन आखडून घेतला. इतका जोरात, की घोट्यातून कळ थेट डोक्यात गेली.

"नको. माझ्या पायांना हात लावायचा नाही. कधीच नाही."

कुंजेलीचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं डोणलं खाली ठेवलं. तिचा चेहरा रागावला नव्हता, दमलेला होता.

"पायाला हात लावू देत नाही, आणि त्याच हातानं केलेलं अप्पम खाणार? मग राहू दे. अप्पम मी परत नेते. पाय धुऊ देत नसाल तर तुमचा-माझा वाटा एकत्र नाही."

ब्रिजिताच्या ओठांवर आकडा आला. अध्याय तेरा, ओळ आठ. चाळीस वर्षांच्या सवयीनं आला आणि तिथेच अडकला. कारण ही ओळ कुणी पाठ म्हटलेली नव्हती. कुंजेलीच्या ध्यानीमनीही नव्हतं. अर्धी ओळ ब्रिजिताच्या स्वतःच्या तोंडून निघाली होती, पेत्राची, जवळजवळ शब्दाला शब्द. आणि उरलेली अर्धी, प्रभूच्या उत्तराची, तिला कुणीतरी पुरी करून दिली होती.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कालव्याचं पाणी होतं तसंच होतं, पलीकडे बदकांचा कळप कलकलाट करत चालला होता, आणि तरी ती पायरी आता नुसती पायरी राहिलेली नव्हती. चाळीस वर्षं तिनं हा अध्याय शिकवला होता. मुलांनो, प्रभूसारखं नम्र व्हा, दुसऱ्यांचे पाय धुवा. फळ्यापुढे उभी राहून ती नेहमी पंचा बांधलेल्याच्या बाजूनं बोलत आली होती. आपण या गोष्टीत नक्की कुठे बसलोय हे तिनं एकदाही तपासलं नव्हतं. ती बाकावर बसली होती, पाय आखडून. नवऱ्याचे पाय तिनं सव्वीस वर्षं घासून चकचकीत करून पाठवले, म्हणजे प्रभूला धुवायला काही उरू नये. आणि स्वतःचे तर कधी कुणाला दाखवलेच नाहीत. शास्त्रापुढे ती पहाटे रोज जायची ती अशीच, आधीच धुतलेली, आधीच सगळं ठाऊक असलेली. त्यानं करायचं काय होतं?

तिला भीती वाटली. मोठ्या पाण्यात होडी शिरताना वाटते तशी, आनंदाची भीती. कुणी काही बोललं नाही, उजेड पडला नाही, वारा सुटला नाही. पण इतके महिने जे दार बंद होतं, त्याच्या आत माणूस आहे हे तिला कळलं. तो आत होताच. आणि आता आतही नव्हता. इथे होता, खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, लसणाचा आणि नारळाचा वास येणाऱ्या दोन हातांच्या अगदी जवळ.

तिनं पाय पुढे केला.

"दुखेल हं," कुंजेली म्हणाली आणि तिनं पाणी सोडलं. चिखल निघत गेला. पहिल्यांदा पोटरी दिसली, मग सुजलेला घोटा, मग एकेक बोट. कुंजेलीनं बोटांच्या मधल्या बेचक्यासुद्धा धुतल्या, घाई न करता, तान्ह्या पोराच्या धुवाव्यात तशा. ब्रिजिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"फार दुखतंय का?"

"हो."

"कुठे?"

"सगळीकडे गं."

कुंजेलीनं वर बघितलं आणि दुसरा पायही धुवायला घेतला. तो फारसा मळला नव्हता तरी.

तिच्या खांद्याचा आधार घेत ब्रिजिता घरात आली. घोट्याला ओलं फडकं बांधून झालं. अप्पम पितळेच्या ताटात आलं, वर झावळीचा पिवळट क्रूस, कडेला वाटीत दूध. अजून उजेड होता. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरच्या पुस्तकावर पडलं होतं.

"निघते," कुंजेली म्हणाली. "वाचन आटपा आणि कापा."

"बस."

"घरी पैली येईल."

"येऊ दे. बस. कुंजेली, त्या दिवशी सभेत माझं चुकलं."

कुंजेली उभी होती ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. "हे कळायला अकरा वर्षं लागली?"

"चाळीस लागली."

कुंजेलीला हे समजलं नाही, पण ती बसली. जरा वेळानं स्वतःहून बोलू लागली. "त्या रात्री मी फार रडले. मग ठरवलं, वाचायला शिकायचंच. तुमच्या नाकावर टिच्चून. तेव्हापासून रोज एक ओळ वाचते."

"एकच?"

"एकच. दोन वाचल्या की पहिली सांडते."

"आणि कळली नाही तर?"

"दुसऱ्या दिवशी तीच. एक ओळ पावसाळाभर पुरली होती मला."

"मग कळते कशी?"

"विचारते त्याला. हे काय लिहिलंयस, म्हणते. कधी सांगतो, कधी नाही सांगत. नाही सांगितलं की भांडी घासता घासता परत विचारते."

"कुणाला?"

"ज्याचं पुस्तक आहे त्याला. आणखी कुणाला? तुम्हाला विचारायची तर सोय नव्हती."

ब्रिजिताला हसू आलं. रडून झाल्यावर येतं तसं, नाक ओढत. उलहन्नान असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. तो रोज त्या ओट्यावर चहा प्यायला जायचा आणि परत आल्यावर शास्त्रातलं असं काहीतरी विचारायचा की तिला नवल वाटायचं, या माणसाला हे सुचतं कुठून. आता तिला कळलं कुठून ते.

तिनं पुस्तक पुढे सरकवलं. "आज तू वाच."

कुंजेलीचे हात मांडीवरच राहिले. "नको. माशाचा भाव वाटेल."

"वाटू दे. तू वाचल्याशिवाय मी अप्पम कापणार नाही."

कुंजेलीनं हात पदराला पुसले, कोरडे होते तरी. पुस्तक ओढून घेतलं. खुणेच्या जागी उघडलं तर आत पाकीट. "हे काय?"

"काही नाही. ठेव बाजूला."

कुंजेलीनं डोळे मिटले, ओठ हलले, कसलीशी दोन शब्दांची प्रार्थना. मग बोट ओळीखाली ठेवलं. वाचू लागली. एक शब्द. थांबली. दुसरा शब्द. जेवणावरून तो उठला. थांबली. पंचा घेतला. थांबली. कमरेला बांधला. ब्रिजिताच्या तोंडात पुढचा शब्द येत नव्हता, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. तिला सगळा अध्याय पाठ होता, पण या वाचनात पुढे काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. दोन शब्दांच्या मधे जी जागा पडत होती, त्या जागेत कुणीतरी परातीत पाणी ओतत होतं. तिला तो आवाज ऐकू येत होता. आपण हे इतकी वर्षं इतक्या घाईनं वाचलं की पाण्याचा आवाजच कधी आला नाही, असं तिच्या मनात आलं. ती श्वास धरून बसली.

बोट पेत्रापाशी आलं. तू माझे पाय धुणार? मग प्रभूचं उत्तर. कुंजेली शब्द शब्द लावत गेली. आत्ता तुला. थांबली. कळत नाही. थांबली. पुढच्या शब्दाला ती अडली. मागे गेली, सुरुवातीपासून पुन्हा घेतलं, पुन्हा त्याच जागी अडली. कपाळावर घाम आला. चोरट्या नजरेनं तिनं जावेकडे बघितलं, अकरा वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच.

ब्रिजितानं शब्द सांगितला नाही. हातही पुढे केला नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती थांबली, भिकाऱ्यासारखी. तो शब्द आपल्याला या बाईच्या तोंडूनच हवाय, हे तिला ठाऊक होतं. आणि तो किती वेळानं येणार हे आपल्या हातात नाही, हेही. खिडकीतलं ऊन पुस्तकावरून ताटावर सरकलं.

"पुढे," कुंजेली म्हणाली. मग एका दमात, "पुढे तुला कळेल."

कुंजेलीनं उरलेला भाग तसाच, शब्दाशब्दानं, शेवटपर्यंत नेला, पुस्तकावरून बोट उचललं आणि सुटकेचा श्वास सोडला.

"किती चुका झाल्या?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षांत ब्रिजिता टीचरला या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच देता आलं नाही. तिनं मोजल्या नव्हत्या. तिला एकही ऐकू आली नव्हती.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

"आणि अप्पम?"

"अप्पम थांबेल. तू वाच."

कुंजेलीनं तिच्याकडे नीट बघितलं. चेष्टा नाही ना, याची खात्री करून घेतली. मग पुस्तक जरा जवळ ओढलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.